मळसूत्राचा धडा

मुंबईहून अहमदाबादेकडे जाणाऱ्या महामार्गावर, तापीच्या परिसरात कामरेज वसले आहे. तेथे राहणाऱ्या एका खानदेशी कुटुंबातील तरुणाने एका रविवारी घराच्या ओट्यावर मोटारसायकलीचे तेल बदलावयास घेतले. तेल गळू नये म्हणून खालचा बोल्ट त्याने लांब दांड्याच्या पान्याने सारा जीव लावून आवळला. अखेर बोल्ट नुसताच फिरू लागला. आटे गेले होते. तरुणाने बोल्टाला चिकट फीत गुंडाळून तो तसाच बसविला व घरात कोणास काही सांगितले नाही. चौथ्या दिवशी भर महामार्गावर बोल्ट निखळला, तेल मागच्या चाकाखाली आले आणि गाडी घसरली. मागून येणाऱ्या मालमोटारीच्या चालकाने प्रसंगावधान राखले, म्हणून प्राण वाचले.

ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. बोल्ट पोलादाचा, इंजिनाचे कवच ॲल्युमिनियमचे. अतिरेकी जोर लागला की मऊ धातूचे आटे सोलून निघतात. तेल अडविण्याचे काम वायसर करतो, मनगट नव्हे. दुसरे कारण विजोड बोल्टाचे. दहा मिलिमीटर जाडीच्या बोल्टांतही आट्यांमधील अंतर कोठे दीड, कोठे सव्वा मिलिमीटर असते. आट्यांना प्रमाण असावे, हा विचार इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 मध्ये मांडला. तरीही डब्यातला हाताला येईल तो बोल्ट ठोकून बसविण्याची आपली खोड गेलेली नाही. बोल्ट प्रथम बोटांनी दोनतीन फेरे सहज फिरला पाहिजे. तो अडला तर तेथेच थांबावे.

आटे केवळ मळले वा किंचित दुखावले असतील, तर त्याच मापाचा टॅप तेल लावून फिरविल्यास भागते. ते पार गेले असतील, तर भोक मोठे करून नवे आटे पाडावे लागतात. सहाऐवजी आठ मिलिमीटरचा बोल्ट घालावयाचा असल्यास 6.8 मिलिमीटरचे भोक हवे. मूळ मापच राखावयाचे असेल, तर पोलादी तारेचे वेटोळे, म्हणजे हेलिकॉइल, बसवितात. टॅपला ग्रीस लावावे, म्हणजे कीस त्याला चिकटतो. तो इंजिनात राहिला तर बेअरिंगे खातो. मात्र ब्रेक, सुकाणू व चाके यांच्या बोल्टांवर असले प्रयोग घरी मुळीच करू नयेत. ते काम जाणत्या कारागिराचे, आणि तो म्हणेल तर भागच बदलावा.

कामरेज एके काळी बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात होते. त्याच संस्थानात सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत 1890 मध्ये कलाभवन उभे राहिले, आणि हातांच्या कामालाही शास्त्र असते हे तेथे शिकविले गेले. आज घरोघरी वाहन आहे. पण पाना धरावा कसा, हे आमच्या किती शाळा शिकवितात? आठवड्यातून एक तास जरी यासाठी दिला, तरी तो वाया जाणार नाही.

त्या तरुणाने आटे घालविले, ही चूक कोणाच्याही हातून घडते. ती फितीखाली झाकली, हा खरा अपराध. जवळच्या मिस्त्रीला त्याच सायंकाळी सांगितले असते, तर थोड्या खर्चात व तासाभरात काम निभावले असते. मुलांच्या हाती पाना देताना वडीलधाऱ्यांनी एवढे अभय अवश्य द्यावे की, बिघडले तर येऊन सांग, रागावणार नाही.