पुरात बुडालेली गाडी : आधी बॅटरी सोडा, चावी लावू नका

३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी बाजारपेठेत शिरले. कन्नड घाटात दरडी कोसळून मालट्रका अडकून पडल्या. दुकानांतला माल तर गेलाच, पण दारात उभ्या असलेल्या गाड्याही पाण्याखाली गेल्या. आमच्या अमळनेरलाही बोरी नदी गावाला लागूनच वाहते, तेव्हा ही गोष्ट आपल्यापासून फार लांबची समजू नये. आपला व्यापारी आणि कारागीर गाडी ठेवतो ती शौकासाठी कमी आणि धंद्यासाठी जास्त. सुरतेचे तागे असोत की आठवडे बाजाराची गाठोडी, सगळे तिच्यातच येते-जाते. गाडी पंधरा दिवस बंद राहिली की धंदा पंधरा दिवस बंद.

पाणी ओसरले की माणूस पहिले काम करतो ते म्हणजे चावी लावून गाडी चालू होते का हे पाहणे. बहुतेक गाड्या पाण्याने मरत नाहीत, या चावीने मरतात. कारण समजून घ्यावे. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन हवा दाबतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. एअर फिल्टरच्या वाटेने पाणी आत गेलेले असेल आणि आपण स्टार्टर मारला, तर पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी इंजिनाचा ब्लॉकही फुटतो. जे काम सफाई आणि ऑइलबदलीत निभावले असते, ते पूर्ण इंजिन खोलण्यावर जाते. धक्का मारून गिअरमध्ये चालू करणे हाही तोच प्रकार. पाण्यात चालता चालता गाडी बंद पडली, तरी पुन्हा सेल्फ मारू नये.

तेव्हा आधी पाणी कुठवर चढले होते ते पाहावे. गाडीवर चिखलाची रेघ दिसते, तिचे फोटो काढावेत. नंबर प्लेट फोटोत आली पाहिजे. पाणी फक्त पायाखालच्या गालिच्यापर्यंत असेल तर गाडी सहसा वाचते. सीटपर्यंत असेल तर खर्च मोठा. डॅशबोर्ड बुडाला असेल तर दुरुस्तीआधी हिशेब मांडावा, कारण आजच्या गाडीचा निम्मा जीव वायरिंगमध्ये आणि कॉम्प्युटरच्या डब्यांत असतो.

फोटो झाले की बॅटरीची वायर काढावी, मायनस आधी. मग गाडी ओढून किंवा ट्रकवर चढवून गॅरेजला न्यावी. ऑटोमॅटिक गिअरची गाडी चाके जमिनीवर ठेवून ओढू नये. बॅटरीवर चालणारी गाडी असेल तर आपल्या मिस्त्रीनेही तिला हात लावू नये. कंपनीच्या माणसालाच बोलवावे, आतला करंट जीवघेणा असतो.

गॅरेजमध्ये मिस्त्रीजवळ उभे राहून काही गोष्टी पाहाव्यात. एअर फिल्टर ओला आहे का? ऑइलची पट्टी काढल्यावर ऑइल दुधाळ, चहासारखे दिसते का? दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन आधी हाताने फिरवून पाणी बाहेर काढायचे असते. इंजिन ऑइल, फिल्टर, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल बदलायचे, डिझेल-पेट्रोलची टाकी रिकामी करायची. चाकांच्या बेअरिंगमधले ग्रीस धुऊन जाते, ते पुन्हा भरावे लागते. ब्रेक खोलून चिखल काढावा.

आतली सफाई लोक वरवर करतात. कपड्याच्या व्यापाऱ्याला हे सांगायला नको. भिजलेली गाठ वरून सुकते, आतले तागे मात्र कुजतात. गालिच्याखाली जाड अस्तर असते, ते आठवडाभर पाणी धरून ठेवते. म्हणून सीटा, गालिचा, अस्तर सगळे बाहेर काढून उन्हात टाकावे. एअरबॅगचा डबा बहुधा गिअरजवळ खालीच बसवलेला असतो. तो आणि सीटखालची वायरिंग तपासल्याशिवाय बॅटरी जोडू नये.

आता विम्याचे. कायद्याने सक्तीचा असतो तो थर्ड पार्टी विमा, आणि त्यातून पुराचा एक पैसाही मिळत नाही. आपल्यापैकी कित्येकजण दीनी शंकेमुळे सक्तीचा तेवढाच विमा घेतात. तो ज्याचा त्याचा मामला, उलेमांना विचारून ठरवावा. पण पुराचा सगळा खर्च खिशातून होणार, हा हिशेब आधीच धरून चालावे. पूर्ण विमा असेल तर पुराचे नुकसान त्यात येते. मात्र पाण्यात चावी मारून इंजिन गेले तर कंपन्या ते तुमच्या हातचे नुकसान ठरवून नाकारतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टची जोड वेगळे पैसे भरून घ्यावी लागते. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांची निम्मी किंमतच धरली जाते. गाडीत ठेवलेला माल गाडीच्या विम्यात येत नाही.

कंपनीला लगेच कळवावे आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत काहीही खोलू देऊ नये. दुरुस्तीचा खर्च पॉलिसीवर लिहिलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी पूर्ण बाद धरतात. दावा नाकारला तर लेखी कारण मागावे. कंपनीकडे लेखी तक्रार करूनही निकाल लागला नाही तर जळगाव-धुळ्याच्या लोकांना पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. गाडी कायमची निकामी झाली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी बुक जमा करावे. नाहीतर तिच्या नंबरावर पुढे कोण काय करील याचा जबाब तुम्हाला द्यावा लागतो.

विकायची असेल तर ऐब सांगून विकावी. भाव कमी येईल, पण फाटका तागा घडी घालून चांगल्या मालात खपवणारा बाजारात किती दिवस टिकतो, ते आपण जाणतोच.

आणि घेणाऱ्याने? २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीने सुरत बुडवली. अशा पुरानंतर स्वस्त गाडी समोर आली की सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, आतल्या टोकाला चिखलाचा डाग राहतो. सीटच्या बोल्टवर गंज, हेडलाइटच्या आत वाफ, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आणि उग्र अत्तराचा वास, यातले काहीही सापडले तर आपल्या मिस्त्रीला दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नये.