बंब काढाल, पण गिझर कुठे बसवाल?

स्वयंपाकघरात गॅस येऊन कित्येक वर्षे झाली तरी न्हाणीघरातला बंब काही हलत नाही. स्वयंपाक गॅसवर आणि आंघोळीचे पाणी लाकडावर, असा हिशोब घरोघरी चालू आहे. लाकूड महागले तसे बंबात करवंट्या, पुठ्ठे, जुन्या चपला आणि प्लॅस्टिकच्या पिशव्याही जाऊ लागल्या. सकाळी गल्लीतून चालत गेले की कोणाकडे काय जळते आहे ते वासावरून सांगता येते!

माझ्याकडे धाप घेऊन येणाऱ्या साठीच्या अनेक बायकांनी जन्मात विडी ओढलेली नसते. ‘डॉक्टर, मला कसलं व्यसन नाही, मग दमा कसा?’ असे त्या विचारतात. चाळीस वर्षे फुंकणीने जाळ केला, हे त्या धरतच नाहीत. धुराने श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. औषधाने आराम पडतो, पण गेलेले फुप्फुस परत येत नाही. २०२० साली घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

तेव्हा बंब काढावा, हे माझे स्पष्ट मत. गच्चीवर ऊन असेल तर सौर बंब उत्तम. दिवसाला १०० लिटरचा संच चौघांच्या घराला साधारण पुरतो. बोअरचे पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार साचतात. घेतानाच विक्रेत्याला तसे सांगावे.

पावसाळ्यात मात्र दुसरी सोय लागते, आणि तेथे लोक गॅस गिझर घेऊन तो थेट न्हाणीघरात बसवतात. थंडी लागते म्हणून खिडकी बंद, झरोक्यात बोळा. कोंडलेल्या हवेत गॅस अर्धवट जळतो व कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास दिलेला असतो. याला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. डोके दुखते, मळमळते, पायांतले बळ जाते आणि कडी काढण्याइतकीही ताकद उरत नाही.

गिझर बाहेर मोकळ्या हवेत बसवून फक्त गरम पाण्याची नळी आत घ्यावी. प्लंबरचे थोडेसेच काम आहे. तोपर्यंत बादली भरून, गिझर बंद करून, हवा खेळू देऊन मगच आंघोळ करावी.

आत गेलेला माणूस हाकेला ओ देत नसेल तर दार तोडा, गॅस बंद करा, त्याला उघड्यावर आणा आणि प्राणवायूची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. फीट आली समजून कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अशा वेळी आकडा चांगला दाखवते. त्यावर विसंबू नका. शुद्धीवर आला तरी तपासणी हवीच. बाई गरोदर असेल तर अजिबात थांबू नये, कारण आईला बरे वाटू लागले तरी पोटातल्या बाळाच्या रक्तातून हा वायू लवकर निघत नाही.