गुण पस्तीस, आकलन किती?

दहावीचा निकाल लागला की दरवर्षी विभागवार टक्केवारीची चर्चा होते. कोणता विभाग वर गेला, कोणता खाली आला, मुलींनी मुलांना किती मागे टाकले, याची कोष्टके छापली जातात आणि आठवड्याभरात विषय मिटतो. या टक्केवारीच्या पोटात दडलेला एक प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. इंग्रजीत उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला कोणी इंग्रजीतून चार वाक्ये सांगितली, तर ती त्याला कळतात काय? पूर्वी कधी न पाहिलेला इंग्रजी उतारा त्याच्या हाती दिला, तर त्याचा आशय त्याला उमगतो काय? या प्रश्नाचे उत्तर गुणपत्रिका देत नाही. कारण तो प्रश्न परीक्षेने त्याला नीट विचारलेलाच नसतो.

मुंबई-पुण्याच्या सुस्थित घरांतील मुलांच्या बाबतीत ही उणीव कदाचित झाकली जाईल. चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुक्यात ती झाकता येत नाही. पूर्वीच्या राजुरा तालुक्याचा हा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. पुढे काही काळ नांदेडशी जोडला जाऊन १९५९ मध्ये तो आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात आला. निजामाच्या राजवटीत राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही तेच होते. त्यानंतर मराठी आली आणि आता प्रतिष्ठेची जागा इंग्रजीने घेतली आहे. घरात मात्र कोणी गोंडी बोलतो, कोणी कोलामी, कोणी तेलुगू, तर कोणी वऱ्हाडी वळणाची मराठी. थोडक्यात, ज्या भाषेत परीक्षा ती भाषा घरात नाही, ही या मुलखाची तीन पिढ्यांची कहाणी आहे.

सिमेंट आणि भाषा

या तालुक्याच्या भूगर्भात चुनखडी आहे. १९८०च्या दशकापासून गडचांदूर, आवारपूर आणि पुढे उपरवाही येथे सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले. कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर जगणाऱ्या शेतकऱ्याला त्यामुळे एक गोष्ट डोळ्यांसमोर दिसू लागली: कारखान्याच्या फाटकाबाहेर मजुरी करणारा आणि आत नियंत्रण कक्षात बसणारा यांच्यातले अंतर बव्हंशी शिक्षणाचे आहे, आणि त्या शिक्षणातला मोठा वाटा इंग्रजीचा आहे. यंत्रावरील सूचना इंग्रजीत, सुरक्षा-पुस्तिका इंग्रजीत, मुलाखतही अनेकदा इंग्रजीत. म्हणून पोटाला चिमटा घेऊन मुलाला 'कॉन्व्हेंट'मध्ये घालण्याची धडपड गावोगाव दिसते. ज्याला ते परवडत नाही तो मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत, अनुदानित विद्यालयात किंवा आश्रमशाळेत इंग्रजी शिकतो. राज्य शासनाने २००० साली पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू केले. दहावीला पोहोचणारे मूल आज दहा वर्षे इंग्रजी शिकलेले असते. दहा वर्षांची ही गुंतवणूक विद्यार्थ्याची, पालकांची आणि शासनाचीही आहे. तिचा परतावा किती, हे मोजण्याचे साधन हाती असू नये, ही अर्थशास्त्राच्या दृष्टीने चमत्कारिक स्थिती म्हटली पाहिजे.

देशपातळीवरचे काही आकडे उपलब्ध आहेत. 'असर' या सर्वेक्षणाने २०२३ मध्ये १४ ते १८ वयोगटातील ग्रामीण मुलामुलींची पाहणी केली. त्यात ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्ये वाचता आली आणि वाचता आलेल्यांपैकी ७३.५ टक्क्यांना त्यांचा अर्थ सांगता आला. या दोन आकड्यांचा गुणाकार केला तर शंभरांपैकी सुमारे ४२ मुलांना साधी वाक्ये वाचून त्यांचा अर्थ सांगता आला, असे दिसते. ही वाक्ये शास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील नव्हती. अगदी सोपी होती. आणि ही पाहणी वाचनापुरती होती. ऐकून किती कळते, याचा त्यात समावेश नव्हता.

बेरीज आणि गुणाकार

वाचन आणि श्रवण या दोन वेगवेगळ्या गोष्टी मानण्याची आपली सवय आहे. अभ्यासकांचे म्हणणे निराळे आहे. १९८६ मध्ये गफ आणि टनमर या दोघा संशोधकांनी वाचनाविषयी एक साधे सूत्र मांडले. वाचून अर्थ कळणे हे दोन गोष्टींवर अवलंबून असते: छापील अक्षरांतून शब्द ओळखता येणे आणि तीच भाषा ऐकली असता समजणे. महत्त्वाचे हे की या दोहोंची बेरीज करावयाची नसून गुणाकार करावयाचा आहे. केवळ उदाहरणादाखल, एखाद्या मुलाला दहापैकी नऊ शब्द अचूक वाचता येतात, पण ऐकलेल्या भाषेपैकी पाचवा हिस्साच कळतो असे समजू. बेरीज करून सरासरी काढली तर तो ५५ टक्क्यांवर, म्हणजे सुखरूप उत्तीर्ण दिसतो. गुणाकार केला तर त्याचे आकलन १८ टक्के भरते. आपली परीक्षा बेरीज करते आणि प्रत्यक्ष समज गुणाकाराने ठरते, हा सगळ्या घोटाळ्याचा गाभा आहे.

कोरपना तालुक्यातील कित्येक मुलांची अवस्था नेमकी या उदाहरणासारखी होण्याचा संभव मोठा आहे. मराठी शाळेत इंग्रजीचा धडा बहुधा मराठीतून समजावला जातो. मुले धडा मोठ्याने वाचतात, शब्दार्थ पाठ करतात, प्रश्नोत्तरे वहीत उतरवून घेतात. पण इंग्रजी वाक्य नैसर्गिक गतीने कानांवर पडण्याचा प्रसंग क्वचित येतो. मराठीत लिहिलेले अक्षर जवळजवळ पूर्ण उच्चारले जाते. इंग्रजीत ज्या अवयवावर आघात नसतो तो गिळला जातो. 'व्हेजिटेबल' असे चार अवयव मोजून वाचणाऱ्या मुलाला बोलण्याच्या ओघातले 'व्हेज्टबल' ऐकू येते तेव्हा आपल्याला ठाऊक असलेलाच शब्द समोर आला आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. तो मठ्ठ नसतो. त्याच्या कानाला तो शब्द कधी भेटलेलाच नसतो. बारावीनंतर तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात व्याख्यान इंग्रजीतून सुरू झाले की पहिल्या आठवड्यात त्याचा धीर सुटतो. दोष बुद्धीच्या माथी मारला जातो. वास्तविक तो दहा वर्षे न तपासलेल्या श्रवणाचा असतो.

२०१९चा धडा

श्रवण आणि संभाषण यांना परीक्षेत अजिबात स्थान नाही असे नाही. भाषा विषयाच्या शंभर गुणांपैकी ८० लेखी आणि २० शाळेच्या हाती, अशी पद्धत आहे व त्या २० गुणांत तोंडी परीक्षा अभिप्रेत आहे. व्यवहारात हे गुण सढळ हाताने दिले जातात, हे उघड गुपित आहे. २० पैकी १८ गुण पदरात पडले की ३५ पूर्ण होण्यास ८० पैकी १७ पुरतात. आणि त्या १७ गुणांसाठी परिचित धड्यांवरील प्रश्न, गाईड आणि 'अपेक्षित' प्रश्नसंच हाताशी असतात. याविषयी शिक्षकाला दोष देणे सोपे आहे. परंतु ज्या शिक्षकाचे नाव शाळेच्या निकालाशी आणि शाळेचे भवितव्य पटसंख्येशी बांधलेले आहे, त्यानेच आपल्या विद्यार्थ्याला कमी गुण द्यावेत, ही अपेक्षा मानवी स्वभावाला धरून नाही. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात जे निरीक्षण नोंदविले त्याचा मथितार्थ असा, की एखादे माप हेच उद्दिष्ट बनले की ते माप म्हणून निकामी होते. तोंडी परीक्षेच्या २० गुणांचे तेच झाले.

यावर एकदा जालीम उपाय करून पाहण्यात आला. मार्च २०१९च्या परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांचे अंतर्गत गुण काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी अभ्यासक्रमही नवा होता. परिणाम असा झाला, की २०१८ मध्ये ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला. ज्यात चंद्रपूर आणि गडचिरोली येतात तो नागपूर विभाग ६७.२७ टक्क्यांसह राज्यात सर्वांत खाली गेला. मोठी ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी अंतर्गत गुण परत आले. मार्च २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी साथीमुळे भूगोलाची परीक्षा रद्द होऊन सरासरीने गुण दिले गेले होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

या घटनेचा बोध दोन्ही बाजूंनी चुकीचा काढला गेला. एका पक्षाने म्हटले, फुगवटा उघडा पडला. दुसऱ्याने म्हटले, गरीब विद्यार्थ्यांवर अन्याय झाला. दोन्ही विधानांत तथ्य आहे. परंतु गुण काढून टाकल्याने श्रवणाचे मोजमाप सुधारले नाही, ते नाहीसे झाले. आणि गुण परत दिल्याने ते परत आले नाही, फक्त टक्केवारी परत आली. थर्मामीटर बिघडला म्हणून आधी तो फेकून दिला आणि मग तोच बिघडलेला पुन्हा काखेत ठेवला, असा हा प्रकार झाला.

चीनमधील अनुभव

या बाबतीत चीनचा अनुभव उद्बोधक आहे. तेथेही इंग्रजी ही कोणाच्या घरची भाषा नाही. तेथील उच्च माध्यमिक शिक्षणाच्या अखेरीस होणाऱ्या 'गावकाव' या प्रवेशपरीक्षेत बहुतेक प्रांतांत इंग्रजीला १५० गुण असतात व त्यांपैकी ३० श्रवणासाठी राखलेले असतात. ध्वनिमुद्रित संवाद सर्वांना सारखाच ऐकविला जातो. आरंभीचे छोटे संवाद एकदा, नंतरचे दोनदा. वाचनाचे उतारे पाठ्यपुस्तकाबाहेरचे असतात. वर्षानुवर्षे व्याकरण घोकून बोलता-ऐकता न येणाऱ्या इंग्रजीला चिनी लोक 'मुके इंग्रजी' म्हणत आले आहेत. तो मुकेपणा घालविण्याचा हा एक प्रयत्न आहे. बीजिंगमध्ये २०२१ पासून संगणकावर घेतलेल्या श्रवण व संभाषण चाचणीला मिळून ५० गुण दिले गेले.

अर्थात तेथेही सगळे आलबेल नाही. झेजियांग प्रांतात नोव्हेंबर २०१८च्या इंग्रजी परीक्षेनंतर, प्रश्न कठीण गेले म्हणून अधिकाऱ्यांनी वाचन-आकलनाच्या काही प्रश्नांचे गुण परस्पर वाढवून दिले. पालक संतापले, चौकशी झाली आणि डिसेंबरात मूळ गुणच कायम करावे लागले. मोजमापात एकदा कनवाळूपणा शिरला की ज्याने कष्ट केले त्याच्यावर अन्याय होतो, हा अनुभव तेथील समाजालाही घ्यावा लागला. शिवाय चीनमध्ये या गुणांवर विद्यापीठाचे दार उघडते वा बंद होते. त्या ताणाचे अनुकरण आपण करण्याचे कारण नाही. घ्यावयाची ती एकच गोष्ट: सर्वांना सारखे ऐकवून, परके वाचावयास देऊन मग विचारणे.

करता येण्याजोगे

पहिली सुधारणा अशी, की श्रवण आणि वाचन-आकलन यांचे गुण गुणपत्रिकेत स्वतंत्र दाखविले जावेत, आणि निदान आरंभीची काही वर्षे उत्तीर्ण-अनुत्तीर्णतेशी त्यांचा संबंध नसावा. माप आणि शिक्षा यांची फारकत झाली की फुगवण्याचे कारण उरत नाही. दुसरी, श्रवणाची चाचणी मंडळाने ध्वनिमुद्रित स्वरूपात द्यावी, ती दोनदा ऐकवावी आणि उत्तरे मराठीतून लिहिण्याची मुभा असावी. इंग्रजी ऐकून कळले की नाही, हे पाहावयाचे असेल तर इंग्रजी लिहिता न येण्याचा दंड त्यात मिसळू नये. तिसरी, उतारे निवडताना मुलाच्या अनुभवविश्वाचे भान ठेवावे. विमानतळावरील संवाद कोलामगुड्यातील मुलीला कळला नाही, तर तिला इंग्रजी कळले नाही की विमानतळ, हे सांगता येणार नाही. कापूस वेचणी, तेंदूपत्ता, आठवडी बाजार, एस.टी.चा प्रवास यांवर इंग्रजी उतारे रचणे अशक्य नाही. आणि चौथी, चाचणीच्या कागदावर घरच्या भाषेची नोंद असावी. गोंडी, कोलामी वा तेलुगू बोलणाऱ्या मुलाला मराठी हीच आधी शिकावी लागलेली दुसरी भाषा असते. त्याची तुलना मराठी घरातल्या मुलाशी एकाच रांगेत करणे हे मोजमापाच्या दृष्टीनेही चुकीचे आहे.

यावर आक्षेप येतील. वीज जाते, वर्ग गजबजलेले असतात, रस्त्यावरून सिमेंटचे ट्रक धडधडत जातात, अशा ठिकाणी ध्वनिमुद्रण कसे ऐकविणार? अडचण खरी आहे. परंतु बॅटरीवर चालणाऱ्या ध्वनिवर्धकाला फार मोठा खर्च येत नाही आणि दोनदा ऐकविण्यामागे हाच हेतू आहे. दक्षिण कोरियात प्रवेशपरीक्षेच्या इंग्रजी श्रवण चाचणीवेळी विमानांची उड्डाणे काही मिनिटे थांबविली जातात. आपल्याकडे परीक्षाकेंद्रापुढील रस्त्यावर अर्धा तास अवजड वाहतूक थांबविणे शासनाच्या आवाक्याबाहेरचे नसावे. दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे: उच्च शिक्षणच मराठीतून द्यावे, म्हणजे हा प्रश्न उरणार नाही. ती मागणी रास्त आहे आणि तिचा पाठपुरावा झालाच पाहिजे. पण ती पुरी होईपर्यंत दर वर्षी दहावीची एक पिढी बाहेर पडत राहणार आहे, आणि तिला दिलेले प्रमाणपत्र खरे असावे ही तिच्याशी प्रामाणिक राहण्याची किमान अट आहे.

खोट्या मापाचा तोटा सर्वांना सारखा होत नाही. ज्याच्या घरी इंग्रजी आहे, ज्याला शिकवणी परवडते, त्याला गुणपत्रिका काय म्हणते याची फिकीर नसते. आपले वजन त्याला ठाऊक असते. जो सर्वस्वी शाळेवर विसंबून आहे, ज्याच्या आईबापांनी इंग्रजीचा ५५ हा आकडा पाहून मुलाला शहरात पाठविण्यासाठी कर्ज काढले, त्यालाच या मापाची किंमत मोजावी लागते. कोरपना तालुक्यातील पालकाला आपल्या मुलाचे इंग्रजी कच्चे आहे हे दहावीच्या आधी, सातवीत किंवा आठवीत कळले, तर सुधारण्यास अवधी राहतो. महाविद्यालयाच्या वर्गात कळले, तर मुलगा परत येतो. माध्यमिक शिक्षण मंडळाने निकालाच्या टक्केवारीइतकीच चिंता या परतीच्या वाटेची करावी, एवढीच अपेक्षा आहे.