थॉमस चषक आणि पाचवा विजय

बॅडमिंटन हा प्रकृतीने एकट्याच्या किंवा जोडीच्या कौशल्याचा खेळ असला, तरी त्याला राष्ट्राराष्ट्रांमधील सांघिक झुंजीचे रूप द्यावे, अशी कल्पना आंतरराष्ट्रीय महासंघाचे पहिले अध्यक्ष सर जॉर्ज थॉमस यांनी १९३९ साली मांडली आणि तिच्यासाठी स्वतः चषक बहाल केला. हे गृहस्थ बुद्धिबळातही ब्रिटनचे दोनदा विजेते झालेले. एका मोहऱ्याने डाव जिंकता येत नाही, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. महायुद्धामुळे स्पर्धा लांबणीवर पडली. अखेर १९४८-४९ मध्ये दहा राष्ट्रे तीत उतरली आणि इंग्लंडमधील प्रेस्टन येथे मलायाने डेन्मार्कवर ८-१ अशी निर्विवाद मात केली.

त्या काळच्या लढतीची रचना लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. दोन दिवसांत नऊ सामने होत : पाच एकेरीचे, चार दुहेरीचे. संघातील पहिले दोन खेळाडू प्रतिपक्षाच्या पहिल्या दोघांशी आळीपाळीने खेळत, पाचवी एकेरी तिसऱ्या खेळाडूच्या वाट्यास येई, आणि प्रत्येक संघाच्या दोन्ही जोड्या प्रतिपक्षाच्या दोन्ही जोड्यांशी झुंजत. अव्वल खेळाडूने आपल्या दोन्ही एकेरी जिंकल्या आणि दुहेरीतही दोन्ही वेळा बाजी मारली, तरी विजयांची बेरीज चारच भरे. पाचवा, म्हणजे निर्णायक, विजय दुसऱ्या कोणी तरी मिळवावाच लागे.

या सत्याची झळ भारताला १९५२ साली सिंगापुरात लागली. डेन्मार्कला ६-३ असे नमविणारा आपला संघ अमेरिकेपुढे ४-५ असा, केवळ एका सामन्याच्या अंतराने, पराभूत झाला. याच पर्वात सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर भारतीय संघाचे आधारस्तंभ ठरू लागले. १९५१ ते १९६३ या कालखंडात थॉमस चषकातील सोळांपैकी बारा एकेरी सामने त्यांनी जिंकले. १९५६ साली मलायात सेलांगोरची स्पर्धा जिंकून परदेशी विजेतेपद पटकाविणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू झाले. इतका असामान्य पुरुष लाभूनही चषक दूरच राहिला. १९५५ आणि १९७९ मध्येही भारताची मजल उपांत्य फेरीपलीकडे गेली नाही.

२०२२ साली बँकॉक येथे जेव्हा यश आले, तेव्हा ते एकट्या अव्वल खेळाडूच्या नव्हे, तर साऱ्या संघाच्या बळावर आले. लढत आता पाच सामन्यांची झाली होती. मलेशिया आणि डेन्मार्क या दोघांविरुद्ध २-२ अशी बरोबरी असताना पाचव्या सामन्यास उतरलेल्या एच. एस. प्रणॉयने संघ तारला, आणि मुंबईच्या चिराग शेट्टीने सात्विकसाईराजसह दुहेरीची बाजू सांभाळलेल्या अंतिम लढतीत इंडोनेशियाचा ३-० असा पाडाव झाला.

सांघिक यशाच्या या धड्याचा विचार नागपूरने अवश्य करावा. मालविका बनसोडसारखी खेळाडू या शहराने देशाला दिली, हे भूषणास्पद आहेच. परंतु येथील उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत शटलची सोळा पिसे ठिसूळ होऊन पटापट तुटतात, वाफ देऊन ती मऊ करावी लागतात, आणि दररोज नवी शटले घेणे मध्यम स्थितीतील कुटुंबास परवडत नाही. म्हणून प्रत्येक मोहल्ल्यात रास्त शुल्काचे बंदिस्त कोर्ट, शटलांची तरतूद आणि दुहेरीचे स्वतंत्र शिक्षण हवे. केवळ अग्रगण्य खेळाडूचा गौरव करून भागणार नाही; तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या खेळाडूच्या सरावाचा खर्च उचलणारे शहरच देशाच्या संघाला खरे बळ पुरविते.