जस्ताचा दिवा, कावेरीचं भात

सांबा हंगामाची लावणी आटोपून दोन-तीन आठवडे झाले, की तंजावर जिल्ह्यातल्या काही खाचरांत एक कोडं उभं राहतं. कालव्याला पाणी आहे, युरिया वेळेवर पडलाय, शेजारच्या बांधापलीकडचं भात तरारलंय. आणि मध्येच एक पट्टा खुजा, मरगळलेला. कोवळ्या पानांची मधली शीर बुडाशी फिकट पडते, खालच्या जुन्या पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके उमटतात. बघणारा म्हणतो, रोग पडला. औषधवाल्याच्या दुकानात जाऊन फवारणीची बाटली आणली जाते. फवारून उपयोग होत नाही, कारण तो रोगच नसतो. जमिनीत जस्त कमी पडलेलं असतं.

भाताच्या या दुखण्याची उकल एका मराठी माणसाने केली, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. उत्तरेत पंतनगरच्या तराईत साठच्या दशकात भातावर ‘खैरा’ नावाचं संकट आलं होतं. वनस्पतिरोगतज्ज्ञ डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी दाखवून दिलं, की यामागे बुरशी नाही, जिवाणू नाही, जस्ताची उणीव आहे; झिंक सल्फेट दिलं की पीक सावरतं. रोगांच्या अभ्यासकाने ‘हा रोग नव्हे’ असं सांगावं, याला धैर्य लागतं. पुढे देशभर भातपट्ट्यांत जस्त मोजायला सुरुवात झाली, त्यात कावेरीचा त्रिभुज प्रदेशही आला.

इथे जस्त कमी का पडावं? ही तर शतकानुशतकं गाळ येऊन बसलेली जमीन. पण साठच्या दशकात तंजावर हा सघन शेती कार्यक्रमातला जिल्हा झाला. 1922 साली सुरू झालेल्या आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रातून लवकर येणारं एडीटी 27 वाण शेतात आलं, कुरुवै आणि तळडी अशी वर्षाला दोन पिकं निघू लागली. प्रत्येक पीक जमिनीतून थोडं जस्त उचलून नेतं आणि युरिया-डीएपीच्या पोत्यातून ते परत येत नाही. शिवाय भाताचं खाचर महिनोन्‌महिने पाण्याखाली. चिखलात हवा संपली की जस्ताची न विरघळणारी संयुगं तयार होतात. जस्त जमिनीतच असतं, पण मुळांच्या हाती लागत नाही.

म्हणून मोजायचं ते मुळांच्या हाती लागणारं जस्त. त्याचं प्रमाण इतकं क्षुल्लक, की महाराष्ट्रात दहा लाख भाग मातीत 0.6 भागापेक्षा कमी असलं तर जमीन ‘कमतरता’ या सदरात जाते. तमिळनाडूत ही रेघ 1.2 भागांवर आखलेली आहे. एका टन मातीत अर्धा-एक ग्रॅम जस्त शोधायचं म्हणजे काय करायचं? प्रयोगशाळा ते काम प्रकाशावर सोपवते.

पद्धत अशी. वाळवून चाळलेली 10 ग्रॅम माती घेतात, तिच्यात डीटीपीए नावाच्या रसायनाचं 20 मिलिलिटर द्रावण घालून दोन तास हलवत ठेवतात आणि गाळून घेतात. मुळं जेवढं जस्त ओढू शकतील, साधारण तेवढंच या द्रावणात उतरतं. मग हा गाळ काढलेला अर्क ‘ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन स्पेक्ट्रोफोटोमीटर’ या यंत्राकडे जातो. लांबलचक नाव टाळून प्रयोगशाळेत त्याला नुसतं ‘एएएस’ म्हणतात.

यंत्राच्या एका टोकाला काचेचा हातभर नव्हे, वीतभर लांबीचा दिवा. त्याच्या आत छोटीशी पोकळ वाटी आणि ती जस्ताची. आत अगदी कमी दाबाचा निऑन किंवा आर्गॉन. वीज सोडली की वायूचे विद्युतभारित कण त्या वाटीवर आदळतात, जस्ताचे अणू सुटे करतात आणि सुटे झालेले अणू उजळतात. मध्ये दहा सेंटिमीटर लांब फटीची शेगडी: हवा आणि ॲसिटिलीनची ज्योत, तापमान 2,300 अंश सेल्सियसच्या घरात. बारीक नळीतून मातीचा अर्क वर ओढला जातो, त्याचा फवारा होऊन ज्योतीत शिरतो. दिव्याचा झोत ज्योतीच्या आरपार जाऊन पलीकडच्या शोधकावर पडतो. अर्क ज्योतीत जाताना ज्योत जरा नारिंगी होते. पण ती रंगत द्रावणात मुद्दाम घातलेल्या कॅल्शियमची. जस्ताचं तिथे डोळ्याला काहीच दिसत नाही. पडद्यावरचा आकडा मात्र हलतो. जस्ताच्या दिव्याचा प्रकाश जरासा कमी झालेला असतो, आणि तो खाल्लेला असतो मातीतून आलेल्या जस्ताच्या अणूंनी.

दुसरा कुठलाही दिवा का चालत नाही, यातच सगळं मर्म आहे.

कावेरीकाठच्या गावांत नदीत उतरायला दगडी पायऱ्यांचे घाट असतात. माणूस या पायरीवर उभा राहील किंवा त्या पायरीवर, दोन पायऱ्यांच्या मध्ये अधांतरी नाही. अणूतल्या इलेक्ट्रॉनचं तसंच आहे. त्याला ठरावीक ऊर्जेच्या पायऱ्या आहेत आणि दोन पायऱ्यांमधल्या अंतराइतकीच ऊर्जा घेऊन तो वर चढतो. थोडी कमी चालत नाही, थोडी जास्तही चालत नाही. 1913 मध्ये नील्स बोर यांनी हायड्रोजनसाठी हे मांडलं. जस्ताच्या अणूत अगदी खालच्या पायरीपासून यंत्राला हव्या असलेल्या वरच्या पायरीपर्यंतचं अंतर 5.8 इलेक्ट्रॉनव्होल्ट. तेवढी ऊर्जा असलेल्या प्रकाशाची तरंगलांबी 213.9 नॅनोमीटर, म्हणजे खोल अतिनील. म्हणूनच डोळ्याला काही दिसत नाही. तांब्याच्या पायऱ्या वेगळ्या, लोखंडाच्या वेगळ्या, मँगनीजच्या वेगळ्या. जस्ताच्या पायरीत नेमकी बसणारी ऊर्जा द्यायची तर ती जस्ताच्याच अणूकडून घेतलेली बरी. दिव्यातला जस्ताचा अणू वरून खाली उतरताना जो प्रकाश टाकतो, तोच प्रकाश ज्योतीतला जस्ताचा अणू खालून वर चढताना उचलतो. अर्कात लोह, तांबं, कॅल्शियम काहीही असो, ते या झोताकडे सहसा ढुंकूनही बघत नाहीत. तांबं मोजायचं असेल तर दिवा बदलायचा आणि तांब्याचा लावायचा.

आता त्याच प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर बघा. तिथे पालाश, म्हणजे पोटॅशियम, मोजायचं यंत्र असतं, फ्लेम फोटोमीटर. त्याला दिवाच नाही! नुसती ज्योत, तिच्यात अर्काचा फवारा आणि ज्योतीतून बाहेर पडणाऱ्या 766.5 नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाची मोजणी. तिथे पोटॅशियमचे अणू प्रकाश देतात म्हणून मोजायचे, आणि इथे जस्ताचे अणू प्रकाश घेतात म्हणून मोजायचे. हा भेद कशासाठी?

उत्तर पायरीच्या उंचीत आहे. पोटॅशियमची पायरी 1.6 इलेक्ट्रॉनव्होल्टची, ठेंगणी. ज्योतीतल्या धक्काबुक्कीने काही हजारांत एक अणू तरी तिच्यावर चढून बसतो, आणि अर्कात अणूंचा सुकाळ असल्याने तेवढा उजेड मोजायला पुरतो. जस्ताची पायरी सुमारे साडेतीनपट उंच. पण वर चढणाऱ्या अणूंची संख्या त्या प्रमाणात घटत नाही, ती कोसळते: एएएसच्या ज्योतीतही जस्ताच्या दहा हजार कोटी अणूंत एखाददुसराच वर असतो. बाकी सगळे तळाच्या पायरीवर. म्हणजे जस्त प्रकाश कधी देतं याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. तळाशी उभे असलेले ते असंख्य अणू मोजायचे तर त्यांच्यावर त्यांचाच प्रकाश टाकावा आणि किती उचलला गेला ते बघावं.

ऐकायला सोपं वाटतं, पण रसायनशास्त्रज्ञांना हे सुचायला जवळजवळ एक शतक लागलं. बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी 1859-60 मध्ये ज्योतीच्या रंगरेषांवरून मूलद्रव्यं ओळखायची रीत घालून दिली, तेव्हापासून बहुतेक सगळे उत्सर्जनच मोजत बसले होते. 1952 च्या मार्चमधल्या एका रविवारी सकाळी मेलबर्नमध्ये ॲलन वॉल्श आपल्या घरामागच्या भाजीच्या बागेत काम करत असताना त्यांच्या डोक्यात आलं, की आपण उलट्या बाजूने मोजतोय. (रविवारी बाग करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.) त्यांचा शोधनिबंध 1955 मध्ये आला. त्यातली एक युक्ती मला फार आवडते. ज्योतीतून स्वतःचा उजेडही येतच असतो. तो दिव्याच्या उजेडात मिसळला तर मोजणी बिघडणार. वॉल्श यांनी दिव्याचा प्रकाश ठरावीक तालात लुकलुकता केला आणि शोधकाला फक्त त्या तालावरचाच प्रकाश मोजायला लावला. ज्योतीचा सलग उजेड आपोआप हिशेबातून गळला.

इथे चिकित्सक वाचक एक शंका काढेल, आणि ती काढायलाच हवी. अणू प्रकाश घेतो, पण ठेवून थोडाच घेतो? वर चढलेला जस्ताचा इलेक्ट्रॉन दीड नॅनोसेकंदाच्या आत खाली येतो, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटी भागांपैकी दीड भागात. उतरताना तोच 213.9 नॅनोमीटरचा प्रकाश परत टाकतो. घेतलं तेवढं परत दिलं, मग शोधकावरचा उजेड कमी का दिसावा?

कारण परत देताना दिशा पाळली जात नाही. झोतातला प्रकाश सरळ शोधकाकडे निघालेला होता. अणूने तो उचलला आणि वर, खाली, मागे, बाजूला, मिळेल त्या दिशेने सोडला. शोधकाच्या वाट्याला त्यातला नगण्य अंश येतो. शिवाय ज्योतीत गर्दी फार. वर चढलेल्या अणूला कधी दुसरा रेणू धडकतो आणि प्रकाश होण्याआधीच ती ऊर्जा उष्णता होऊन जाते. झोतात भोक पडतं ते या दोन कारणांनी.

बाजूला फेकला गेलेला हा प्रकाश खरोखर असतो, याचा एक भव्य पुरावा एका मराठी संस्थानातून मिळाला आहे. सूर्याच्या वर्णपटात काळ्या रेषा आहेत, हे फ्राउनहोफर यांनी 1814 मध्ये नोंदवलं होतं. सूर्याच्या बाहेरच्या थरातले अणू आपापला प्रकाश उचलून इकडेतिकडे फेकतात, म्हणून आपल्याकडे येणाऱ्या झोतात त्या जागा काळ्या पडतात. मग तो फेकलेला प्रकाश बाजूने बघता आला तर? 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणात ती संधी आली. रॉयल सोसायटीच्या वतीने लेफ्टनंट जॉन हर्शेल हे पटवर्धनांच्या जमखंडीत दुर्बिणीला वर्णपटदर्शक लावून ढगांशी झगडत बसले होते. चंद्राने सूर्यबिंब झाकलं, कडेला वायूच्या ज्वाळा दिसल्या आणि त्यांच्या वर्णपटात काळ्या नव्हे, लखलखीत रेषा उमटल्या. त्याच दिवशी गुंटूरला फ्रान्सचे यान्सन यांनीही त्या पाहिल्या. मागे सूर्यबिंब असलं की जो वायू काळी रेघ ओढतो, तोच काळ्या आकाशासमोर उजळ रेघ दाखवतो. त्या रेषांमधल्या एका पिवळ्या रेषेचा धागा पकडून पुढे हेलियमचा शोध लागला, पण ती कथा स्वतंत्र.

कावेरी आणि प्रकाश हे शब्द एकत्र आले की सी. व्ही. रामन आठवणारच. त्यांचं घराणं तंजावर जिल्ह्यातल्या मांगुडी परिसरातलं, शेतकऱ्यांचं. पण त्यांना इथे ओढून आणणं चुकीचं ठरेल. रामन परिणामात प्रकाश रेणूवरून विखुरताना थोडी ऊर्जा देतो किंवा घेतो, इलेक्ट्रॉनला पायरी नेमकी जुळावी लागत नाही. जस्ताच्या दिव्याचं गणित वेगळं. त्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मात्र इथे हक्काने येतो. ताऱ्याच्या वातावरणात प्रकाश पुन्हापुन्हा उचलला आणि फेकला जात बाहेर कसा पोचतो, याचं गणित त्याने 1950 च्या ‘रेडिएटिव्ह ट्रान्सफर’ या ग्रंथात बांधून दिलं.

पुन्हा शेतात येऊ, कारण चूक होते ती शेतात. 213.9 नॅनोमीटरवर बसलेलं यंत्र क्वचितच फसतं. फसवतो तो नमुना. तो पीक निघाल्यावर, खत घालण्याआधी घ्यायचा. बांधालगतची, झाडाच्या सावलीतली, खताच्या ढिगाजवळची जागा सोडायची. इंग्रजी व्ही अक्षरासारखा 15 सेंटिमीटर खोल खड्डा करून त्याच्या बाजूची माती खरवडायची. आणि जस्त मोजायचं असेल तर ती माती जस्ती बादलीत अजिबात गोळा करायची नाही. बादलीच्या मुलाम्यातलं जस्त कणभर जरी मातीत उतरलं, तरी गरीब जमीन कागदावर श्रीमंत होते. प्लास्टिकचं घमेलं घ्यावं. प्रयोगशाळेतही रबरी बूच टाळतात, कारण रबरात झिंक ऑक्साइड असतं. यंत्रातल्या अणूला हे जस्त बादलीचं की शेताचं, ते कळत नाही.

फेब्रुवारी 2015 पासून केंद्र सरकारच्या योजनेत शेतकऱ्याला जी जमीन आरोग्य पत्रिका मिळते, तिच्यात बारा गोष्टींची नोंद असते आणि जस्त त्यातली एक. तंजावरचा शेतकरी असो की भंडारा-गोंदियाचा, ही ओळ वाचलीच जात नाही, अशी माझी तक्रार आहे. नजर नत्र-स्फुरद-पालाशावरून थेट शिफारशीच्या पोत्यांवर जाते. तमिळनाडूत जस्त कमी असलेल्या भाताला हेक्टरी 25 किलो झिंक सल्फेट 50 किलो कोरड्या वाळूत मिसळून लावणीच्या अगदी आधी टाकायला सांगतात. स्फुरदाच्या खतात मात्र ते मिसळायचं नाही. तुमच्याकडे पत्रिका असेल तर आज काढून बघा. जस्ताचा आकडा तुमच्या राज्याच्या रेघेखाली असेल तर लावणीआधी सल्फेटची सोय करा. रेघेच्या वर असेल, तर दुकानदार कितीही म्हणो, या मोसमात ती पिशवी आणू नका.