बाघ नदीची वळणाची वाट

बालाघाट जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी बाघ नदी भूगोलाच्या पुस्तकांत वैनगंगेची उपनदी एवढ्याच उल्लेखाची धनी होते. परंतु नकाशावर बोट ठेवून तिच्या उगमापासून निघावे, म्हणजे हा उल्लेख किती अपुरा आहे ते तत्काळ ध्यानी येते. गोंदिया जिल्ह्यातील चिचगडच्या अरण्यमय टेकड्यांत उगम पावून ती प्रथम उत्तरेकडे धावते, मग पश्चिमेस वळते, आणि दोन राज्यांची हद्द आखीत, राजेगावच्या पुलाखालून जाऊन वैनगंगेस मिळते. सिवनी जिल्ह्यात जन्मलेली वैनगंगा तोवर मोठा वळसा घालून दक्षिणाभिमुख झालेली असते; त्यामुळे उत्तरेस निघालेले चिचगडचे पाणी संगमानंतर पुन्हा दक्षिणेची दिशा धरते, आणि भंडारा, पवनी, गडचिरोली ही स्थळे मागे टाकीत, वर्धेच्या मीलनानंतर प्राणहिता हे नाव धारण करून अखेर गोदावरीत विलीन होते. टेकड्यांचा उतार वैनगंगेच्या सखल खोऱ्याकडे आहे, एवढेच या वळणाचे कारण.

ज्या नदीस आज हद्द म्हणतात, तिचे दोन्ही तीर पूर्वी एकाच दप्तरात नोंदलेले होते. १८६७ साली बालाघाट जिल्हा निर्माण झाला तेव्हा घाटाखालचा मुलूख भंडारा जिल्ह्यातून (आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा त्यातच होता) तोडून त्यास जोडण्यात आला. तरीही दोहोंचा सुभा नागपूरचाच राहिला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, भंडारा मुंबई राज्यात गेला, आणि जिल्ह्याची हद्द राज्याची हद्द झाली. लोकजीवनाने मात्र ही वाटणी पुरती मानली नाही. दोन्ही तीरांवर त्याच धानाच्या बांध्या आहेत, पोवारी बोलीचा तोच गोडवा आहे, आणि सोयरीक आजही नदी ओलांडून होते. पुढे या नदीवर सिरपूर व पुजारीटोला ही धरणे महाराष्ट्राच्या भूमीवर उभी राहिली, ती दोन्ही राज्यांच्या संयुक्त बाघ प्रकल्पाची म्हणून. रोवणीच्या वेळी पाऊस दडी मारून बसला, म्हणजे त्यांच्या कालव्यांकडे दोन्हीकडचे शेतकरी सारख्याच आशेने पाहतात.

शाळांतील जिल्हानकाशांत ही नदी हद्दीपाशी तुटलेली रेषा म्हणून दाखवितात. बालाघाट आणि गोंदियाच्या शिक्षकांनी ती उगमापासून संगमापर्यंत अखंड काढून मुलांपुढे ठेवावी, एवढी माझी आग्रहाची विनंती आहे.