चष्मा लावूनही दिसत नाही? ‘अल्पदृष्टी’ म्हणजे काय ते समजून घ्या

मेहकर : काही म्हाताऱ्या माणसांना बांधावरून जाणारं जनावर दिसतं, पण समोर उभ्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. लोक म्हणतात, सोंग करतात. सोंग नसतं ते. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला की असंच होतं. कडेचं दिसतं, मधलं पुसट. काचबिंदूत उलटं होते. समोरचं बरं दिसतं, बाजूचं जाते, आणि माणूस दाराच्या चौकटीला, उभ्या मोटारसायकलला धडकतो.

ऑपरेशन, औषध, चष्मा सगळं करूनही नजर पुरेशी येत नसेल तर तिला अल्पदृष्टी म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ती आंधळेपणापेक्षा वेगळी नोंदवली आहे. चांगल्या डोळ्याची नजर चष्म्यासह ६/१८ पेक्षा कमी, पण ३/६० पर्यंत असली की ती अल्पदृष्टी. ६/१८ म्हणजे काय? धड नजरेच्या माणसाला जे अक्षर १८ मीटरवरून दिसते, ते या माणसाला ६ मीटरवर यावं लागते.

घरी एक साधी पारख करता येते. जाड कागदाला सुईने बारीक भोक पाडा, एक डोळा झाका, दुसऱ्याने भोकातून लांबचं पाहा. जास्त स्पष्ट दिसलं तर बहुतेक चष्म्याचा नंबर बदलायचा आहे. फरक पडला नाही तर मोतीबिंदू किंवा पडद्याचं दुखणं असू शकते, डॉक्टरांना दाखवा. साखर असलेल्यांनी तर त्रास नसला तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावाच.

तपासणीत फक्त तक्त्यावर थांबू नका. जवळचं वाचन आणि बाजूची नजरही तपासायला सांगा. आणि काय अडते ते स्पष्ट सांगा : पोथी वाचता येत नाही, की औषधाच्या गोळ्या ओळखू येत नाहीत? त्यावरून साधन ठरते. जत्रेतलं मोठं भिंग घेऊन भागत नाही. जितकी ताकद जास्त तितकं भिंग लहान, आणि ते डोळ्याजवळ धरावं लागते. दिवा मागून, खांद्यावरून हवा.

घरातले बदल स्वस्त आहेत. पायरीच्या कडेला पिवळा पट्टा, पांढऱ्या भातासाठी गडद ताट. फवारणीच्या बाटल्या वेगळ्या जागी ठेवून वर रबर बांधा, ही तर अल्पदृष्टी नसलेल्यांनीही करायची गोष्ट आहे. स्मार्टफोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत गेलं की अक्षर मोठं करता येते, आणि टॉकबॅक स्क्रीन वाचून दाखवते.

आता कागदाचं. बरेच जण ‘पूर्ण आंधळा नाही ना’ म्हणून प्रमाणपत्राच्या भानगडीत पडतच नाहीत. पण चष्म्यासह दोन्ही डोळे ६/२४ ते ६/६० मध्ये असतील तर ४० टक्के दिव्यांगत्व धरतात, आणि सवलती ४० पासूनच सुरू होतात. एसटीच्या तिकिटातली सवलतही त्यातलीच. नजरेचा घेर ४० अंशापेक्षा कमी झाला असेल तर तक्त्यावरची नजर चांगली असूनही बसतं. एक डोळा पूर्ण गेला, दुसरा धड, तर मात्र ३० टक्केच.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो, सीएससीवालाही भरून देतो. तपासणीला बुलढाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात जाताना जुने केसपेपर, ऑपरेशनचा कागद आणि रोजचा चष्मा सोबत न्या. चष्मा विसरला तर फेरी वाया जाऊ शकते, कारण मोजमाप चष्म्यासहच होते.